चालू गेममधून ओढलेली कॅसेट

टीव्हीवर रणगाडे होते तिथं एकदम रंगीत पट्टे आले आणि गेमचा डबा कर्रर्र ओरडू लागला. कॅसेट माझ्या हातात होती. मला रणगाडे जमत नाहीत, म्हणून गाड्यांची लावायची होती.

"आई, चालू डब्यातून ओढलीस?" लेक स्वयंपाकघरातून पळत आली. चाळिशीची बाई, पण दिवाळीला भिंगारला आली की अजून खेळते. डबा तिच्या लहानपणीचा आहे, आता तसा मिळत नाही.

"मग? दर भाकरीला गॅस बंद करते का मी? एक उतरवायची, दुसरी टाकायची."

"अगं, भाकरीत करंट नसतो!" तिनं बटण बंद केलं आणि मला समजावलं. कॅसेटच्या खाली बारीक पट्ट्या असतात. वीज चालू असताना कॅसेट जरा तिरकी झाली, की भलत्या पट्टीला भलती वीज लागते. मग कॅसेट जळते, कधी डबाही जळतो.

"मी लहान असताना रोज ओरडायचीस, बंद कर तो डबा. आज तुलाच बंद करता आला न्हाई व्हय?"

तिनं गाड्यांची कॅसेट घालून बटण दाबलं. चित्र आलं. मग डबा बंद करून रणगाड्यांची घातली. पुसून, फुंकून तीनदा घातली, तरी टीव्ही काळाच.

डबा वाचला, टीव्ही वाचला. रणगाड्यांची कॅसेट गेली.