माणिक चौकातला खेळणीवाला
माणिक चौकातल्या त्या खेळणीवाल्याचं नाव आम्ही कधी विचारलंच नाही. मूल खेळणं निवडू लागलं की तो आईबापांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचा, स्वतःही वळायचा. "आप देखोगे तो बच्चा आपकी पसंद उठाएगा," म्हणायचा. कचेरीत दरारा असलेले माझे बाबाही निमूट भिंत बघत. एवढा विश्वास आम्हा पोरांवर दुसऱ्या कोणी टाकला नाही.

दुकान बंद होणार म्हणून आम्ही सगळे निरोप द्यायला गेलो. आई त्याला म्हणाली, "भैया, आज आप चुनिए." आणि तिनं आम्हा सगळ्यांना भिंतीकडे वळवलं.

मागे किल्ली फिरली. पत्र्याचा बेडूक टकटक उड्या मारत गेला, थांबला. पुन्हा किल्ली फिरली.

आमच्यातल्या कोणीही वळून पाहिलं नाही.