भिकूआप्पांची पडद्यावरची मेंढरं

गेम सुरू झाला की भिकूआप्पा आधी पडद्यावरची मेंढरं मोजत. मग माझ्याकडे वळून म्हणत, "अकरा हायती. कुत्रं एकबी न्हाई. ज्यानं ह्ये बनवलंय त्यानं कवा मेंढरं राखल्याली न्हाईत, मास्तर."

शिरूरला मी तेव्हा कॉम्प्युटर क्लास चालवत होतो. आमच्या घरातला मी पहिला बी.एस्सी., आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. आप्पा निमोण्याचे. उभा जन्म मेंढरांमागे हिंडून आता शेतावर टेकलेले. आठवड्याचा बाजार उरकला की गावाकडची जीप भरेपर्यंत ते माझ्याकडे पंख्याखाली येऊन बसत. एका दुपारी त्यांनी तो गाव वसवायचा गेम पाहिला आणि अडकलेच. माउस ते काठी धरल्यासारखा घट्ट धरत. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली की एकच प्रश्न, "काय म्हणतंय?" मी वाचून अर्थ सांगायचो.

एकदा गेममधल्या शेजारच्या राजाचा निरोप आला. त्यातला मुख्य शब्दच मला येईना. येत नाही म्हणायची लाज वाटली. "लढाईला या म्हणतोय," मी ठोकून दिलं. आप्पा लढले. कित्येक बाजार खपून वसवलेलं गाव जळून गेलं. घरी जाऊन डिक्शनरी उघडली, तर राजानं तह मागितला होता. आप्पांना मी ते कधीच सांगितलं नाही.

पुढच्या बाजाराला त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्यो गेम मराठीत का न्हाई? तुला तरी किती तरास द्यायचा?"

"मराठीत खेळणार कोण, आप्पा?"

"आन् मग मी कोण हाय रं?" ते खो खो हसले. मीही हसलो.

पुढे क्लास बंद करून मी पुण्यात एका गेमच्या कंपनीत लागलो. जर्मन, फ्रेंच भाषांतरं पडद्यावर नीट बसली का, ते तपासायचं काम. तिथं कारणं कळली. भाषांतराआधी कंपन्या विकत घेणारी माणसं किती ते बघतात. आमच्याकडे एकाच सीडीच्या कॉप्या शिरूरपासून दौंडपर्यंत हातोहात फिरायच्या. त्यांच्या हिशेबी आम्ही नव्हतोच. शिवाय गेममध्ये मराठी अक्षरांची सोय नव्हती. घालून पाहिली तर काना-मात्रा सुटून भलतीकडेच पडायच्या.

एका मीटिंगमध्ये साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या भागात मराठीची गरज आहे का?" खोलीत सगळे फाडफाड इंग्रजी बोलणारे. मी ताठ बसून इंग्रजीतच सांगितलं, "नाही सर. आमचं इंग्रजीवर भागतं." साहेबांनी मान हलवली आणि पुढचा विषय घेतला.

त्या दिवाळीत निमोण्याला गेलो. आप्पा अंगणात बाजेवर पडले होते, खूप थकलेले. "झाला का मराठीत?" त्यांनी विचारलं. मी कारणं सांगितली. सीडी, गिऱ्हाईक, अक्षरं. सगळी खरी. मीटिंगचं तेवढं सांगितलं नाही.

आप्पा म्हणाले, "म्हंजी त्यास्नी ठावंच न्हाई, आपुन हाय म्हणून. कुणी सांगितलंच नसंल." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता तू हाईस की तिथं. इचारतील तवा सांग."

"सांगतो, आप्पा."

फाल्गुनात आप्पा गेले. मी त्या कंपनीत आणखी सात वर्षं होतो. मला पुन्हा कुणीच विचारलं नाही.