ती बोली मला येत होती

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. पण ‘जाऊ द्या सिस्टर, होतं असं’ म्हणणार असाल, तर आत्ताच उठा.

यवतमाळातल्या एका खासगी दवाखान्यात, अतिदक्षता विभागात, मी सिस्टर आहे. आडनाव पवार. पवार मराठ्यांतही असतात, आमच्या बंजाऱ्यांतही. लोकांनी जे धरलं, ते मी धरू दिलं. तांडा, आईला याडी म्हणणं, आमची गोरबोली — सगळं घरी ठेवून ड्यूटीवर यायचे. यात लाज कसली? मीही स्वतःला तेच विचारते.

पुसदकडच्या तांड्यावरची एक म्हातारी आली. न्यूमोनिया, श्वास मशीनवर. छाती सुधारली, तेव्हा मशीन सोडवायचं ठरलं. रोज सकाळी गुंगीचं औषध थांबवायचं, पेशंटला सांगायचं — डोळे उघडा, हात दाबा. तेवढं जमलं, की मशीनचा जोर कमी करून बघायचं, स्वतःचा श्वास घेते का. नाही जमलं, तर पुन्हा गुंगी. डॉक्टर सर मोठ्यानं सांगायचे, मराठीत. ती भेदरून बघायची, घशातली नळी ओढायला जायची. अजून नीट जाग नाही, सर म्हणायचे. एकदा त्यांनी विचारलंच, “सिस्टर, तुम्हाला यांची बोली येते का?”

“नाही, सर.”

जीभ अडखळलीसुद्धा नाही.

भीती होती म्हणू? कशाची? दुपारपाळीची राठोड सिस्टर फोनवर बिनधास्त गोरबोलीत भांडायची, तिचं कोणी काय वाकडं केलं? म्हातारीच्या बाहेर बसलेल्या मुलाला आत बोलवा, एवढं तरी सुचवता आलं असतं. तेही नाही.

सर पुढच्या पेशंटकडे गेले. मी तिच्या कानाशी वाकले आणि आमच्या बोलीत म्हटलं — याडी, माझा हात दाब. तिनं असा दाबला, की अंगठी बोटात रुतली. सोडेचना. ती पूर्ण जागी होती. मी हात सोडवून घेतला — आणि गुंगीचं औषध पुन्हा सुरू केलं. सरांना काही बोलले नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

नळी तशीच राहिली. छातीत पुन्हा जंतू शिरले, त्यात ती गेली. नळी आधी निघाली असती तर वाचली असती? मला माहीत नाही. पण त्या माहीत नसण्याच्या आड मी लपणार नाही.

मुलानं एवढंच विचारलं, “सिस्टर, माय कोणाले ओळखत होती का?”

शुद्धच नव्हती, मी म्हटलं.

खोटं. शुद्ध होती. तिनं मला ओळखलं होतं.