मातीचा धूर

गेल्या महिन्यात ब्रह्मपुरीच्या बाजारात मासोळ्या विकणाऱ्या बाईने तोलता तोलताच सांगितलं, "बाबू, डोमाजीभाऊ गेले." पिशवी न घेताच मी घरी आलो. डोमाजी ढिवर आमच्या जंगल खात्याच्या बंगल्यावर खानसामा होता आणि मी तिथला कारकून. मोहाची दारू कुठल्या भट्टीची, हे तो तोंडाला न लावता, थेंब तळहातावर चोळून नुसत्या वासाने सांगायचा.

शेवटचे गोरे साहेब जाताना स्कॉच व्हिस्कीची अर्धी बाटली नव्या साहेबांसाठी डोमाजीच्या हवाली करून गेले. नव्या साहेबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खानसाम्याने यात मोहाची मिसळली," म्हणत त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला. मोहातला जाणकार म्हणून मी मिरवायचोच. जिभेवर घोळवली... आधी धूर, मग खारट, शेवटी दवाखान्यासारखं काहीतरी. हंड्याच्या बुडाला फुलं लागली की मोहालाही धुराचा वास येतो. "लागलेली मोहाची आहे, साहेब," मी ठासून सांगितलं.

डोमाजीने थेंब चोळून हुंगला. "नाई बाबू. हा लाकडाचा धूर नाई, मातीचा आहे. अन् खारवलेल्या मासोळीवानी वास येऊन राह्यला." साहेब हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्याला चोर ठरवून काढून टाकलं.

तीन वर्षांनी विलायतेत शिकलेले एक इंजिनिअर बंगल्यावर उतरले, तशीच बाटली घेऊन. या दारूसाठी तिकडच्या बेटांवर दलदलीतली माती कापून वाळवतात, तिच्या धुरावर जव सुकवतात, पिंपं समुद्राकाठी ठेवतात, असं ते सांगत होते आणि मला डोमाजीचा मातीचा धूर आठवला. चार घोट मागून औषधाच्या बाटलीत भरले आणि डोमाजीचं गाव गाठलं. तो जाळं सांधत बसला होता. थेंब चोळून म्हणाला, "हेच ते." मग पितरांच्या नावाने दोन थेंब जमिनीवर सोडले, एक घोट घेतला आणि बाटली मला परत दिली.

"भाऊ, चुकलं माझं."

"साहेबाले सांगतलं का?"

साहेब तेव्हा नागपूरला मोठ्या हुद्द्यावर होते. मी बाटलीला बूच लावू लागलो.

"मंग मले काऊन सांगता? मले तं ठाऊकच होतं."

साहेबांना पत्र लिहीन, लिहीन म्हणत मी दोन वर्षं काढली. नोकरीची भीती, दुसरं काय... काल एकदाचं लिहिलं, टपालात टाकलं. घरी येऊन फडताळातली ती औषधाची बाटली उघडली. दोन थेंब जमिनीवर सोडले, त्याच्या नावाने. एक तळहातावर चोळला. मातीचा धूर, मग मीठ. "हेच ते" म्हणायला समोर कोणी नव्हतं.