हॉलमधून न्यू जर्सीला

आम्ही घाटकोपरला राहतो. उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून जातात. आवाज आला की बोलणारा थांबतो आणि विमान पुढे गेलं की वाक्य पूर्ण करतो. बाबांनी अशी विमानांची पोटं कितीतरी वर्षं पाहिली होती, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिला दिवस गेले तेव्हा तिने आईबाबांना बोलावून घेतलं. आई लगेच तयार झाली, बाबा मात्र अडून बसले. मरोळच्या कारखान्यात फिटरची नोकरी उभ्याने करून त्यांचे गुडघे गेले होते.

"किती तास लागतात रे?" त्यांनी मला विचारलं.

"थेट विमानाने सोळाच्या आसपास."

"सोळा तास एका जागी? वाट लागेल माझी."

"बसून बघितलंत कधी?" आई आतून म्हणाली. "येत्या रविवारी बसा इथेच. नाही जमलं तर मी एकटी जाते."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण रविवारी सकाळी चहा झाल्यावर तिने खरंच जेवणाच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. समोर पाय पसरता येऊ नयेत म्हणून टीपॉय ओढून घेतला. उठायचं ते फक्त बाथरूमला, किंवा पॅसेजमध्ये दोन फेऱ्या मारायला. जेवण मी मांडीवर आणून द्यायचं.

तासाभरातच बाबांची चुळबुळ सुरू झाली. त्यांचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून मी फोनवर अमेरिकेकडे निघालेलं एक विमान शोधलं आणि नकाशावर सरकणारा तो ठिपका त्यांना दाखवला.

"हे आत्ता खरंच तिथे आहे?"

"हो."

"मग असं वर कुठे चाललंय? अमेरिका तर तिकडे, डावीकडे."

मलाही नीट सांगता येईना. शेवटी माळ्यावरून माझ्या शाळेतला पृथ्वीचा गोल काढला आणि आईच्या डब्यातला दोरा घेतला. बाबांनी एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, मी दुसरं न्यूयॉर्कवर. दोरा ताणला तसा तो आपणहून वर सरकला आणि थेट युरोपच्या डोक्यावरून, बर्फाळ मुलखाजवळून गेला. आम्ही तो खाली ओढून सरळ पश्चिमेला आणायला गेलो, तर दोरा कमी पडला.

"आयला," बाबा म्हणाले. "म्हणजे वाकडाच रस्ता जवळचा?"

मग दुबई, टोकियो, सिडनी सगळीकडे दोरा लावून झाला. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू मटार सोलायला घेऊन आल्या.

"काय चाललंय?"

"अमेरिकेला चाललोय," आई म्हणाली.

"झकास! मग मला पण खिडकी द्या," म्हणत त्यांनी तिसरी खुर्ची ओढली.

दुपारी आईच आधी उठली आणि "माझी कंबर धरली, मी उतरले गो बाय," म्हणत दिवाणावर आडवी झाली. बाबा मात्र बसूनच होते. फेरी मारायचे, परत येऊन विचारायचे, "आता खाली काय आहे?" मी गावांची नावं वाचायचो. समुद्र आला तेव्हा वाचायला काहीच उरलं नाही. ते निळ्यावरच्या त्या ठिपक्याकडे एकटक बघत राहिले. रात्री जेवणं झाल्यावर ठिपका विमानतळावर थांबला तेव्हा म्हणाले, "माझं तिकीट पण काढ."

दोघं गेले आणि चांगले तीन महिने राहून आले. मी त्यांना आणायला गेलो होतो. ट्रॉली ढकलत बाहेर आल्या आल्या बाबांनी विचारलं, "येताना जवळजवळ दीड तास कमी लागला. अंतर तेच, मग असं कसं रे?"

"वर वारा असतो बाबा, पश्चिमेकडून पूर्वेकडे. येताना तो मागून ढकलतो."

"एवढ्या उंचीवर वारा?" ट्रॉली सोडून ते वर बघायला लागले. मागच्या लोकांची वाट अडली.

"अहो, आधी नातीचं सांगा," आई म्हणाली.