पावण्याची तानूआक्का

कागलला भावाच्या घरी ओसरीवर मुलीचे केस विंचरत बसले होते, तेव्हा कोल्हापूरचा बाजार करून आलेल्या आमच्या गाडीवानानं बैल सोडायच्या आधीच मला हाक मारली. "आक्कासाब, तुमच्या शेजारच्या सुईणबाई गेल्या की." मी विचारलं, "कुणाकडं?" तानूआक्का सदा कुणाकडं तरी गेलेलीच असायची, जाण्याचा दुसरा काही अर्थ असेल हे माझ्या मनातच आलं नाही. गाडीवान मान खाली घालून बैलाच्या मानेवरनं हात फिरवत राहिला, तेव्हा समजलं… जाऊन पंधरवडा झाला होता. थोडे दिवस ताप आला होता. सकाळी पेज नको म्हणून तिनं कूस वळवली, ती वळवलीच. माझ्या सासूबाई उशाशी होत्या. मी नव्हते. आता महिना उलटून गेला, तरी काही लिहायला बसले की तिच्याआधी तिचं कुत्रंच डोळ्यांपुढं येतं. म्हणून तिथूनच सांगते.

मी लग्न होऊन शुक्रवार पेठेत आले, तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लावून एका खोलीत ती राहत होती. नवरा प्लेगात गेलेला. मलकापूरच्या सासरी तिला ठेवून घ्यायला कुणी राजी नव्हतं. दरबारच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकवतात एवढं ऐकून ती एकटी निघून आली होती. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की घरात बोलली तर पाणवठ्यावर कळावं. सासूबाईंना ती आवडत नसे. "बाईमाणसानं येवढ्या मोठ्यांदा बोलू न्हाई," असं त्या तिच्या पाठीमागं म्हणत, आणि ते माझ्यासाठी असे. खरं तर मला सांगायची गरज नव्हती. त्या घरात आल्यापासून मी कुजबुजतच होते.

बाळंतीण अडली की तानूआक्काला न्यायला गाडी यायची, माणसं हात जोडायची. पण एकदा मूल झालं, की त्या गडबडीत तिला परत पोचवायचं कुणाच्या ध्यानात राहत नसे. मग दिवेलागण असो की पहाट, ती एकटी चालत यायची. एकदा रंकाळ्याच्या बाजूनं येताना दोघंजण तिच्या मागं लागले. तिनं दगड उचलून त्यांना पळवलं आणि सकाळी ती गोष्ट हसत हसत सांगितली. पण सांगताना हातातल्या सुईत तिला दोरा ओवता येत नव्हता. तो मी ओवून दिला. त्याच दिवशी तिनं समोरच्या इमामचाचांना हाक मारली. चाचा घोड्यांची खोगिरं शिवायचे, गावोगावची गिऱ्हाइकं त्यांच्याकडं यायची.

"चाचा, मला येक कुत्रं बगा."

"आमच्यात घरात घेत न्हाईत, बाई. पर तुला बगतो की. कळंब्याकडं धनगर उतरलाय, त्याची कुत्री व्यालीया."

"पर आईचं दूध सुटल्याबिगर आणायचं न्हाई. लेकरू तोडून आणल्यालं मला चालायचं न्हाई."

पिल्लू यायच्या आधी तिची जी तयारी चालली, तशी मी पहिलटकरणीच्या घरातही पाहिलेली नाही. परसातल्या भिंतीचं भगदाड बोराट्यांचे काटे घालून बुजवलं. चपला, दोर, सुपल्या, जे जे तोंडात धरता येईल ते खुंटीवर टांगलं. चुलीपासून लांबचा कोपरा सारवून तिथं पेंढ्याचं पोतं टाकलं, आणि ते पोतं आधी धनगराच्या वाड्यावर नेऊन कुत्रीच्या अंगाखाली ठेवून आली, आईचा वास लागावा म्हणून. पिल्लू आलं ते काळं, पायांनी पांढरं, कान मोडलेले. आल्यावर ते कोपऱ्यात आब राखून बसलं. खायला दिलं तर आधी आमच्या तोंडाकडं बघायचं. तानूआक्का म्हणाली, "पावण्यावाणी करतंय की रं!" तेच नाव पडलं. पुढं किती दिवस ती दारातनं "ए पावण्या, हिकडं ये!" म्हणून ओरडली की रस्त्यानं जाणारा परगावचा माणूस दचकून थांबायचा, आणि एक भला गृहस्थ तर खरोखरच आत येऊन पाणी पिऊन गेला.

ती त्याला मारत नसे. खाल्लं की लगेच उचलून परसात न्यायची आणि काम होईपर्यंत उभी राहायची. लुगड्याचा काठ धरला की काही न बोलता चिंधीची गाठ तोंडात द्यायची. "बस" म्हटल्यावर बसला की भाकरीचा तुकडा, नाही बसला तर नुसतं थांबायचं. थांबणं तिला येत होतं. तिचा धंदाच थांबण्याचा. महाराजांचा घोडे जोडलेला खडखडा गल्लीच्या तोंडावरनं दणदणत गेला की पावण्या आधी पलंगाखाली शिरायचा. ती त्याला रोज थोडं थोडं करत रस्त्याच्या कडेला नेऊन बसवू लागली, आणि पावसाळा संपेपर्यंत तो घोड्यांकडं बघून जांभई द्यायला लागला. चाचांनी उरल्यासुरल्या कातड्याचा पट्टा शिवून दिला. पावण्या आता तिच्या डाव्या बाजूनं, तिच्या चालीनं चालायचा. आम्हांला वाटलं, झालं.

पण एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. एका मोठ्या घरी ती त्याला पहिल्यांदा घेऊन गेली. दाराबाहेर बसवलं, बसला. आत बाई कळा देताना ओरडली, आणि पावण्यानं मान वर करून गळा काढला. बाळंतिणीच्या दारात कुत्रं रडलं! घरची म्हातारी कळशी घेऊन धावून आली. "ते आवदसेचं कुत्रं घालवा, आन् बाई, तूबी जा." दुसऱ्या सुईणीला बोलावणं गेलं. तानूआक्का भर दुपारी घरी आली ती उन्हातनं चालत. मग तर बोलणं पेठापेठांत पसरलं, की तानूबाईचं कुत्रं रडतंय. तिला न्यायला येणाऱ्या गाड्या थांबल्या. चूल पेटायची ती एकवेळ. इमामचाचा मान खाली घालून आले नि म्हणाले, "माझं चुकलं बाई. धनगराला परत देऊन येतो."

"त्येनं काय वाईट केलं, चाचा? बाई वरडली, त्येला कळवळा आला. त्येला येवढंच शिकवायचं ऱ्हायलंय की हे भ्यायचं वरडणं न्हवं." मग ती माझ्याकडं वळली. "तू वरड."

मला तेव्हा दिवस गेले होते, पाचवा सरत आला होता. मी तिच्या परसाच्या टोकाला उभी राहिले आणि तोंड उघडलं, आवाज निघेना. निघाला तो एवढासा. पावण्यानं कानसुद्धा हलवला नाही. "मुंगी चावली व्हय गं?" ती म्हणाली. मला हसू आलं, रडूही आलं. पुन्हा केलं, पुन्हा… आणि मग पोटातनं जे काही आलं ते असं आलं, की पावण्या रडायला लागला, चाचा हातात कातडं टोचायची आर घेऊनच धावत आले आणि मागच्या दारातनं माझ्या सासूबाई उलथणं घेऊन आल्या.

"काय झालं? पोरीला काय झालं?"

तानूआक्कानं सांगितलं. मला वाटलं, आता काय ऐकावं लागेल! सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं. मग त्यांनी उलथणं खाली ठेवलं, पदर खोचला. "असं न्हाई वरडत. सरक," म्हणाल्या, आणि भिंतीला हात टेकून त्यांनी टाहो फोडला. त्यांची सहा बाळंतपणं झाली होती, आणि जगले ते एकटे माझे यजमान. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. पावण्याही रडायचा थांबून त्यांच्याकडं बघत राहिला. सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आता भाकरी द्या की त्येला. बगतंय बिचारं."

त्या दिवसापासून शिकवणी रोज सकाळी, धुणी वाळत घालून झाली की. आधी लांबून, हळू, मग जवळून, मग भिंतीआडून. ओरडणं आलं की त्याला भाकरी, तानूआक्काचा हात पाठीवर. सासूबाई वेळेवर हजर. पेठेतल्या बायका आधी हसायच्या, मग दोघीतिघी येऊन त्याही ओरडून जायच्या. आपापल्या घरात ज्यांना ओरडायला जागा नव्हती अशा. पावण्या हळूहळू ओरडणं ऐकलं की हनुवटी जमिनीला टेकून डोळे तानूआक्काकडं लावायला शिकला.

माझी वेळ आली ती एका सकाळी. सासूबाईंनी स्वतः भिंतीवर थाप मारून तिला हाक मारली. पावण्याला बाहेर ठेवायचं का, असं तानूआक्कानं विचारलं. "बसू दे की दारात," त्या म्हणाल्या. दिवस वर चढला, उतरायला लागला. मूल आडवं होतं हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त तिचे हात कळत होते, आणि तिचा तो मोठा आवाज, जो त्या दिवशी चमत्कारिकपणे हळू झाला होता. मी ओरडत होते, मन लावून, कुणाची लाज न धरता. एकदा मध्येच मला भीती वाटली, की बाहेर इतकं शांत कसं? "पावण्या… गेला का?"

"दारात हाय. हनुवटी टेकून पडलाय. तू तुजं बग."

ऊन कलता कलता मुलगी झाली. ती रडली, तेव्हा बाहेर शेपूट जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. सासूबाई दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन आधी दारात गेल्या. नातीचं तोंड त्यांनी नंतर पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून पाणवठ्यावर, देवळात, बाजारात त्या मोठ्यांदा सांगत सुटल्या, की तानूचं कुत्रं दिवसभर दारात होतं, पण रडलं नाही. गाड्या पुन्हा यायला लागल्या. पुढं पुढं तर एखाद्या दारात काळं कुत्रं हनुवटी टेकून पडलेलं दिसलं, की लोक आवाज न करता जायचे.

मी कागलहून परत आले तेव्हा तिची दहनक्रिया, दिवस, सगळं आटोपलं होतं. खांदा द्यायला पेठेतली माणसं होती. आणि तेराव्याला, सासूबाई सांगतात, बायका लेकरं काखेला मारून एवढ्या आल्या की पत्रावळी पुरल्या नाहीत. तिची खोली अजून तशीच आहे. घरमालकानं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. आत ओव्याचा, बाळंतशेपांचा आणि तिच्या त्या दवाखान्यातल्या साबणाचा वास आहे. तिच्या हातांना यायचा तोच. पावण्या म्हातारा झालाय, दिवसाचा बराच वेळ तिथंच झोपतो. काल मी वारा लागावा म्हणून दार सताड उघडलं आणि झाडायला घेतलं, तर सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "दार लोटून घे गं!"

"आत्या, कुत्रं आत हाय."

"असू दे की आतच," त्या म्हणाल्या. "वास जातोय तिचा."