मी सांगितलेला शेवट

आमच्या सिंदीत एक महिला वाचन मंडळ आहे आणि त्यात कोणी वाचत नाही. हे मी इतकी वर्षं मनातल्या मनात म्हणत आले, आज लिहितेय. वर्गात पोरांसमोर बोलावं लागतं तेवढं बोलते, कारण त्याचा पगार मिळतो. बाकी वेळ तोंड मिटून असते. तोंड मिटून बसणाऱ्या बाईला लोक गरीब स्वभावाची समजतात. तो गैरसमज मी कधी दूर केला नाही. फार सोयीचा होता.

मंडळ महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी भरतं, दर वेळी वेगळ्या घरी. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. सुरुवातीला ठरलं होतं की प्रत्येकीने पुस्तक वाचून यायचं. पण कोणाकडे पाहुणे, कोणाच्या पोराची परीक्षा, कोणाचा चष्मा फुटलेला. मग अध्यक्षबाईंनी तोड काढली. मराठीच्या मॅडम वाचतील, त्याच येऊन सांगतील आणि आपण सगळ्या चर्चा करू. मराठीची मॅडम म्हणजे मी. न वाचता चर्चा करायला मिळते म्हटल्यावर सभासद दुपटीने वाढल्या.

पुस्तकं नेहमी खपणारीच. ज्याचं नाव कोणाच्या तरी मोबाईलवर येऊन गेलं, ते मंडळात. ऐतिहासिक कादंबरी आणली तेव्हा ती हातोहात फिरली, प्रत्येकीने कपाळाला लावली आणि न उघडता पुढे दिली. मग पाऊण तास नथीवर बोलणं झालं. प्रेमकथेच्या वेळी नायकाची जात कोणती असावी यावर दोन तट पडले. भयकथेचं पुस्तक कोणी घरात ठेवून घेईना, ते शाळेच्या कपाटात ठेवावं लागलं. विज्ञानकथेतला यंत्रमानव पोळ्या करत नाही हे कळल्यावर त्यातला सगळा रस संपला. आणि यशस्वी माणसं पहाटे पाचला उठतात असं सांगणारं ते जाडजूड पुस्तक! नळाला पाणी येतं म्हणून लग्नापासून साडेचारला उठणाऱ्या बायांनी माना डोलावल्या आणि उद्यापासून पाचला उठायचा निश्चय केला. हसू दाबायला मला पदर तोंडाशी धरावा लागला.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी अध्यक्षबाईंचा एकच प्रश्न. "तर मग यातून आपण काय घ्यायचं?" जणू पुस्तक म्हणजे सोमवारचा बाजार. वर्षातून एकदा मंडळ केळझरच्या गणपतीला जायचं. पिशवीत पुस्तक असायचं, वर पुऱ्या असायच्या. पुऱ्या संपायच्या.

पण माझी खरी शिकार तलाठीणबाई. त्या तलाठ्याच्या बायको, आणि रहस्यकथेच्या त्या खास भोक्त्या. मी खुनी सांगितला रे सांगितला की त्या पाठ मागे टेकवून म्हणायच्या, "मले तं पहिल्यापासूनच माहीत होतं." दर वेळी. एकदा मला राहवलं नाही. पुस्तकात खून डॉक्टरने केला होता, मी तो बागेतल्या माळ्यावर ढकलला. तलाठीणबाईंनी पाठ टेकवली. "मले तं पहिल्यापासूनच माहीत होतं."

त्या दिवशी मी घरी परत येईपर्यंत रस्त्याने हसत होते. चेहरा अर्थात नेहमीसारखा मिटलेला. मग ते व्यसनच लागलं. भयकथेतली मेलेली सवत मी जिवंत ठेवली. प्रेमकथेतल्या दोघांचं लग्न मोडलं. कोणी तपासणार नव्हतं. पुस्तकं भिकार, ऐकणाऱ्या त्याहून भिकार, आणि मधे मी, दोघांनाही नाचवणारी. मला ते फार हुशारीचं काम वाटायचं.

आता घरातलं. माझी मोठी जाऊ, तिला मी बाई म्हणते. भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, गेले तेव्हा ती चाळिशीच्या आत होती, मूल नव्हतं. दहावी नापास. घर तिच्या हातात, शेताचा सालदार तिच्या हाताखाली, आणि जीभ अशी की भाजीवाला आमच्या दारात भाव सांगण्याआधीच कमी करायचा. ती 'मले-तुले' बोलायची. मी घरातसुद्धा 'मला-तुला' बोलायची. त्या दोन अक्षरांवर मी तिच्यापेक्षा वरची आहे असं धरून चालले होते.

सासू न्हाणीत पडली. कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती काही परत उभी राहिली नाही. अंथरुणावरचं सगळं बाई करायची. मी शाळेत जायची. शाळेतून आले की सासूच्या खोलीच्या दारातून "आई, कशा आहात" विचारायची आणि वास येऊ नये म्हणून श्वास आत घेऊन उभी राहायची. उत्तर येईपर्यंत श्वास पुरायचा.

त्याच सुमारास बाईच्या भावाचा निरोप आला. त्याचं जाम गावाच्या चौकात टायरचं दुकान आहे. शेजारचा गाळा रिकामा होत होता. तो बाईसाठी ठेवतो म्हणाला. बाईचा ब्लाउज शिवण्यात हात बसलेला होता, सिंदीतल्या निम्म्या लग्नांचे तीच शिवायची, चुलीजवळच्या खिडकीत बसून. आता स्वतःचं दुकान, राहायला भावाकडे. बाईने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण एके दिवशी मी पाहिलं, तिने मशीनला तेल घातलं होतं आणि पॅडलवरचा गंज घासून काढला होता.

ती गेली तर सासूचं सगळं माझ्याकडे येणार होतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

मंडळात त्या महिन्याला कौटुंबिक कादंबरी होती. खूप चाललेली. एका विधवेची गोष्ट, सासर सोडते आणि परक्या गावात पोळीभाजीचं दुकान काढते. लेखन इतकं स्वस्त की नायिका रडली की पाऊस पडतो. शेवटी दुकान चालतं आणि तिच्या स्वतःच्या नावाची पाटी लागते. पुस्तक महिनाभर माझ्या उशाशी होतं. रविवार आमच्या घरी आला, कारण या वेळी पाळी आमची होती.

बाई मंडळात बसायची नाही. चहा घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पलीकडच्या खोलीत सासू. मधलं दार उघडं.

मी गोष्ट सांगत शेवटाशी आले आणि नायिकेचं दुकान बुडवलं. गिऱ्हाईक आलंच नाही, परकं गाव, रात्री दारावर थापा पडतात, भाऊ दोन महिन्यांत तोंड फिरवतो. मूळ पुस्तकात भाऊ नव्हताच. तो मी आणला. शेवटी ती सासरी परत येते आणि उंबऱ्यावर डोकं टेकते. मी इतकं छान सांगितलं की अध्यक्षबाईंनी डोळे पुसले आणि यातून आपण काय घ्यायचं ते या वेळी स्वतःच सांगितलं, की घर ते घर.

बाईने चौकटीवरून विचारलं, "वापस आल्यावर घेतलं का तिले घरात?"

"घेतलं ना. आनंदाने."

"बरं," ती म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

आठवडाभरात तिने भावाला फोन केला. मी ओट्याजवळच होते. मले जमत नाई, दुसऱ्याले दे, एवढंच बोलली. गाळा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका पोराला गेला. मी स्वतःला समजावलं की पुस्तकाचा शेवट ऐकून कोणी आयुष्य बदलत नाही, तेही असल्या पुस्तकाचा. पुस्तकांबद्दलची माझी तुच्छता तेव्हा किती कामाला आली! मात्र त्यानंतर मी कधी शेवट बदलला नाही. मंडळाला फरक कळला नाही.

सासू पुढे तीन वर्षं जगली. मी दारात उभी राहिले की माझ्याकडे बघायची आणि मान भिंतीकडे वळवायची. म्हातारपण, मी म्हणायची.

या हिवाळ्यात ती गेली. तेरवी झाली, पाहुणे गेले. दुपारी बाई सासूची लुगडी घड्या करत बसली होती आणि सहज म्हणाली की सोमवारी ती जामला चालली आहे. गाळा नाही, भावाच्या व्हरांड्यात मशीन टाकणार. मी समोर बसले. का कोण जाणे, माझं मिटलेलं तोंड त्या लुगड्यांपुढे उघडलं.

"बाई, त्या पुस्तकातली बाई परत येत नाही. तिचं दुकान चालतं. मी खोटं सांगितलं होतं."

तिचे हात थांबले नाहीत. "माहीत हाय मले."

मला वाटलं, तिला वेगळंच पुस्तक आठवतंय. मी पोळीभाजीची गोष्ट सांगू लागले, जशी मंडळात सांगायची तशी. तिने मला मधेच तोडलं.

"मी वाचलं होतं ना ते. तू शाळेत गेली की दुपारी बुढीले वाचून दाखवत होती. तुह्या उशापाशी जे येईन ते. तुले काय वाटलं, मले वाचता नाई येत?"

मला खरंच तसं वाटलं होतं. वाचता येत नाही असं नाही, पण वाचणार नाही असं. दोन्हींत मी कधी फरक केला नव्हता.

"सारे शेवट माहीत हाय मले," ती म्हणाली. "तो माळी. ते सवत. ब्लाउजच्या मापाले येणाऱ्या बाया मले सांगत, मी बुढीले. बुढी हासे. म्हणे, लहानीनं आज कोणाले मारलं अन् कोणाले वाचवलं? पण त्या दिशी नाई हासली. मी कपबशा घेऊन आत गेली तं बुढी मले विचारते, हे काऊन खोटं सांगून राह्यली? मी म्हटलं, आई, तुमचं गू-मूत काढाले तिले जमणार नाई म्हून."

मी विचारलं, मग तुम्ही का नाही गेलात.

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, मला बरं वाटेल असंही काही नव्हतं. बाजारात किडकी वांगी निवडून बाजूला टाकताना ती जशी बघते, तसं बघितलं.

"कोणाच्या हाती देऊन जाऊ बुढीले? जे बाई पुस्तकातल्या बाईले चालत्या दुकानातून उठवून आणते, ते माह्या बुढीले वेळेवर पाणी देईन का?"

मी माफी मागायला लागले. तिने हातातलं लुगडं झटकलं.

"मले नोको सांगू. मले माहीतच हाय. त्या बायायले सांगजो, मी हाओ तवरक."

ती जायच्या आत, रविवारी, पाळी नसताना मंडळ आमच्याकडे बोलावलं. नवीन रहस्यकथा ठरली होती. मी म्हटलं, आधी एका जुन्या पुस्तकाचं बोलायचं आहे. कोणालाही ते पुस्तक आठवेना. मी नायिका सांगितली, पोळीभाजी सांगितली, डोळे पुसलेल्या अध्यक्षबाईंना त्यांचे डोळे सांगितले. मग खरा शेवट सांगितला. पाटी लागते, असं. आणि तो का फिरवला तेही सांगितलं. म्हातारीचं करावं लागू नये म्हणून. वाक्य लहान होतं, पण म्हणायला वर्गातल्या तासापेक्षा जास्त वेळ लागला.

एक-दोघींच्या तोंडात चिवडा होता, तो त्या न चावता धरून बसल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तर मग यातून," आणि पुढे त्यांना वाक्य सापडलं नाही. मला आसुरी आनंद झाला. एवढं सगळं कबूल करूनही तो व्हायचा तो झालाच, हेही लिहून टाकते.

शेवटी तलाठीणबाईंनी भिंतीला पाठ टेकवली. "मले तं पहिल्यापासूनच माहीत होतं," त्या म्हणाल्या.

बाई चहाचा ट्रे घेऊन चौकटीत उभी होती. "मंग बोलल्या काऊन नाई?" तिने विचारलं.

तलाठीणबाई हसल्या, दोघी-तिघी त्यांच्यासोबत हसल्या. बाई हसली नाही. विचारून झाल्यावर ती क्षणभर खाली ट्रेकडे बघत राहिली, जसं काही तो प्रश्न तिच्याकडेच परत आला होता. मग तिने सगळ्यांना चहा दिला. सर्वांत शेवटी माझ्यासमोर आली आणि मी कप उचलेपर्यंत तशीच वाकून उभी राहिली.